केंद्राचा नियम खाली आला तर राज्याने काय करायचं? (अमेरिका – पाणी, हवा वगैरे)

गारवेल
प्रश्न मुख्यतः न्यू जर्सीकरांसाठी आहे, पण बाकीच्यांनीही लिहा.

पिण्याच्या पाण्यातल्या पीफास रसायनांबद्दल वाचतेय. नॉनस्टिक भांडी, डाग न धरणारं कापड, विमानतळावर आग विझवायला वापरतात तो फेस, यांतून ती येतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं तशीच राहतात. न्यू जर्सीने यातल्या पीएफएनएवर २०१८ मध्येच १३ ची मर्यादा घातली (भाग प्रति ट्रिलियन, म्हणजे फारच बारीक मोजमाप). देशात असं करणारं हे पहिलं राज्य. मग २०२० मध्ये पीएफओए १४ आणि पीएफओएस १३. तेव्हा केंद्राची सक्तीची मर्यादाच नव्हती.

एप्रिल २०२४ मध्ये ईपीएने (केंद्राच्या पर्यावरण खात्याने) केंद्राचे आकडे आणले: पीएफओए आणि पीएफओएस ४, पीएफएनएसह आणखी तिघांना १०. म्हणजे आपलं पुढारलेलं राज्य एका रात्रीत मागे पडलं. वर्षभराने, मे २०२५ मध्ये, ईपीएने सांगितलं की ४ चे दोन आकडे ठेवू पण मुदत २०२९ वरून २०३१ वर नेऊ, आणि बाकीच्या मर्यादा मागे घेऊ.

आता माझा प्रश्न. राज्याने असा कायदा करावा का, की "अमुक तारखेला केंद्राचे जे नियम होते त्यांच्या खाली आमचे नियम कधी जाणार नाहीत, केंद्राने नंतर काहीही करो"? घरात यावर दोन तट पडले आहेत.

खट्याळ_अण्णा
रुमाल टाकून ठेवतो. घरातले दोन तट कोणते तेही लिहा, खरी चर्चा तिथेच आहे.

नीलांबरी
मला वाटायचं की राज्याला केंद्राच्या खाली जाताच येत नाही. मग कायदा कशाला हवा?

कलम_बहाद्दर
@नीलांबरी, बरोबर आहे, पण अर्धंच. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की राज्य केंद्रापेक्षा कडक होऊ शकतं, सैल होऊ शकत नाही. पाण्याच्या १९७२ च्या कायद्यातही तेच. ही व्यवस्था का आली? त्याआधी प्रत्येक राज्य कारखाने ओढायला दुसऱ्यापेक्षा सैल व्हायचं. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियात डोनोरा गावावर जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर कोंडला आणि २० माणसं गेली. १९६९ मध्ये क्लीव्हलँडला कायाहोगा नदीने पेट घेतला, तोही पहिल्यांदा नव्हे. केंद्राने खाली एक तळ घातला तो या सगळ्यानंतर.

पण हा तळ केंद्राचा आहे. केंद्रानेच तो खाली नेला तर राज्याला धरून ठेवणारं केंद्राच्या कायद्यात काही नाही. गारवेल तेच विचारतायत.

आणि याची उलटी बाजू फार लोकांना माहीत नसते. निम्म्याहून जास्त राज्यांत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात असा कायदा किंवा धोरण आहे की आमच्या खात्यांनी केंद्रापेक्षा कडक होऊ नये, किंवा व्हायचं तर आधी ढीगभर कारणं द्यावीत. अशा राज्यात केंद्राचा तळ हेच छत असतं. तो खाली आला की सगळं खाली.

टेक्सासचा_मामा
अपेक्षेप्रमाणे सगळे एका बाजूला. मग दुसरी बाजू मी घेतो.

ह्यूस्टनच्या आसपासच्या छोट्या गावांचा विचार करा. तीनशे घरांची पाणी योजना, एक ऑपरेटर, तोही अर्धवेळ. त्याला सांगा की ट्रिलियनमध्ये चार भाग मोज आणि पाणी गाळायला कार्बनचे टँक बसव. पैसे त्या तीनशे घरांच्या बिलातून येणार. राज्याने केंद्राच्या मागे जायचं ठरवलं तर त्यात निदान एक शिस्त आहे, सगळ्या देशाला एकच नियम. नाहीतर पन्नास राज्यं, पन्नास आकडे. मी स्वतः केमिकल प्लांटमध्ये आयुष्य काढलंय. नियम कडक असल्याचा त्रास होत नाही हो, दर चार वर्षांनी बदलल्याचा होतो.

गारवेल
मामा, शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे :) दर चार वर्षांनी बदलू नये म्हणूनच तर तारीख गोठवायची.

कोकणचो_बाबलो
माका कायच समाजला नाय, पण चर्चा बरी चलली हा.

कलम_बहाद्दर
तारीख गोठवण्याचा प्रयोग होऊन गेलाय. कॅलिफोर्निया, २०१९, विधेयक 'एसबी १'. हवा, पाणी, दुर्मिळ प्राणी आणि कामगार सुरक्षा यांचे केंद्राचे जे नियम १९ जानेवारी २०१७ ला होते, म्हणजे ट्रम्प यांच्या पहिल्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, तो राज्याचा तळ धरायचा. केंद्र त्याच्या खाली गेलं तर राज्याच्या खात्यांनी निदान तेवढं तरी राखायचं. दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. आणि गव्हर्नर न्यूसम यांनी, जे रोज ट्रम्प यांच्याशी भांडतात, त्यांनीच सप्टेंबरात नकाराधिकार वापरला.

नीलांबरी
आँ? का?

कलम_बहाद्दर
उघड कारण असं दिलं की यातून राज्याला नवीन अधिकार काही मिळत नाही आणि उद्या नवं विज्ञान आलं तर ते वापरायला हात बांधले जातील. खरं भांडण डेल्टाच्या पाण्याचं होतं. सॅक्रामेंटो आणि सॅन वोकिन नद्या जिथे मिळतात तिथून दक्षिणेकडे शेतीला आणि शहरांना पाणी उपसतात. किती उपसायचं हे डेल्टा स्मेल्ट आणि सॅमन माशांच्या संरक्षणाच्या अटींवर ठरतं. विधेयकाने त्या अटी जुन्या तारखेला बांधल्या असत्या. मोठ्या पाणी संस्था आणि सेंट्रल व्हॅलीतले शेतकरी याविरुद्ध उभे राहिले.

विज्ञानाचा मुद्दा मला अगदीच पोकळ वाटत नाही. २०१७ च्या तारखेला गोठवलं असतं तर पीफासवर केंद्राचा एकही सक्तीचा आकडा त्या यादीत नसता.

रसायनी
@कलम_बहाद्दर, असहमत. तळ घातला म्हणजे त्याच्या वर जायला बंदी होत नाही. नवं विज्ञान "आणखी कडक व्हा" म्हणत असेल तर कोण अडवतंय? अडचण तेव्हाच येते जेव्हा नवं विज्ञान "थोडं सैल चालेल" म्हणतं, आणि माशांच्या बाबतीत पाणी संस्थांना तेच म्हणून हवं होतं. तेव्हा ते कारण कमी आणि निमित्त जास्त.

खट्याळ_अण्णा
एवढासा मासा, बोटाएवढा, आणि त्याने गव्हर्नरला वाकवलं. आमच्याकडे पापलेट असूनही काही करू शकत नाही.

डेट्रॉइटची_जाई
मिशिगनमधून लिहितेय. तळ कागदावर असणं आणि पाण्यात असणं यातला फरक आम्ही फ्लिंटमध्ये बघितला.

शिशाचा केंद्रीय नियम १९९१ पासून होता, १५ भाग प्रति अब्ज. तो कोणी सैल केला नव्हता. पण बहुतेक राज्यांत केंद्राचा नियम राबवायचं काम राज्याच्याच खात्याकडे असतं. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी फ्लिंट नदीवर वळवलं. जुन्या शिशाच्या पायपांतून शिसं सुटू नये म्हणून पाण्यात जे रसायन घालावं लागतं, ते राज्याच्या खात्याने घालायला लावलंच नाही. लोक बाटल्यांत पिवळं पाणी भरून सभेला आणत होते, आणि सरकारी उत्तर होतं की पाणी नियमात बसतं. ईपीएचा आणीबाणीचा आदेश यायला जानेवारी २०१६ उजाडला. तोवर जवळजवळ दीड वर्ष मुलं ते नदीचं पाणी प्यायली होती.

मग त्याच राज्याने २०१८ मध्ये देशात सगळ्यात कडक शिसं-नियम केला: २०२५ पासून १२, आणि सगळे शिशाचे पायप २० वर्षांत बदलायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र त्याच्याही पुढे गेलं, १० आणि बहुतेक ठिकाणी १० वर्षं. पुढे ते टिकलं नाही तरी मिशिगनचा १२ राज्याच्या स्वतःच्या नियमात लिहिलेला आहे. तो तिथेच राहील.

म्हणून गारवेल, "केंद्राचे अमुक तारखेचे नियम" असा एकगठ्ठा कायदा करण्यापेक्षा एकेक आकडा राज्याच्या पुस्तकात लिहून घेणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

टेक्सासचा_मामा
जाईताई, फ्लिंटचं उदाहरण माझ्या बाजूने जातं. नियम होता, माणसं नालायक निघाली. आणखी एक कायदा करून माणसं लायक होतात का?

डेट्रॉइटची_जाई
होत नाहीत. पण कोर्टात उभं राहायला काहीतरी हातात लागतं. फ्लिंटकरांनी केंद्राच्याच कायद्याखाली दावा लावला आणि २०१७ च्या तडजोडीत पायप बदलून घेतले. तो कायदाच नसता तर कशाच्या आधारावर गेले असते?

सह्यकडा
चंद्रपूरकर आहे, थोडं अवांतर चालेल का? नाही म्हणालात तरी लिहिणार.

आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण नियमांत हीच सोय आहे. राज्याचं प्रदूषण मंडळ केंद्राच्या मानकापेक्षा कडक मानक घालू शकतं, सैल नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, केंद्राची एकदा वापरायच्या प्लास्टिकवरची बंदी जुलै २०२२ ची. म्हणजे राज्य चार वर्षं पुढे होतं. (अंमलबजावणीबद्दल विचारू नका, मंडईत जाऊन बघा.)

पण केंद्रच मागे सरकलं की काय होतं ते औष्णिक वीज केंद्रांत बघावं. डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आली, दोन वर्षांत यंत्रणा बसवा म्हणून. मग मुदतवाढ, परत मुदतवाढ. आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त युनिट्सना ती यंत्रणा बसवण्यातूनच सूट. राज्याला कडक राहायचा अधिकार आहे. पण वीज केंद्र राज्याच्याच कंपनीचं, मंडळही राज्याचंच. कोण कोणाला नोटीस काढणार?

प्रवासी_पक्षी
सह्यकडा, हरियाणा विसरलात. २०१९ मध्ये तिथल्या विधानसभेने जुना जमीन संरक्षण कायदा असा बदलला की अरवलीतली हजारो एकर जमीन बांधकामाला मोकळी झाली असती. सर्वोच्च न्यायालयाने तात्काळ बजावलं की यावर काही करायचं नाही. आणि २०२३ मध्ये केंद्राने वन संवर्धन कायद्यात जंगलाची व्याख्या आवळली तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना सांगितलं की १९९६ च्या गोदावर्मन निकालातली शब्दकोशातली व्याख्याच तूर्त धरा. आपल्याकडे तळ धरून ठेवण्याचं काम न्यायालय करतंय.

खट्याळ_अण्णा
आपल्याकडे न्यायालय आहे म्हणून बरं. त्यांच्याकडे न्यायालयानेच तळ काढून घेतला ना? पाणथळ जागांचं काहीतरी वाचलं होतं.

कलम_बहाद्दर
अण्णा, आज पहिल्यांदा कामाचं बोललात. सॅकेट निकाल, मे २०२३. इडाहोतल्या एका जोडप्याच्या प्लॉटवरून सुरू झालेलं प्रकरण. न्यायालय म्हणालं की केंद्राचा कायदा फक्त त्याच पाणथळ जागांना लागू, ज्या मोठ्या पाण्याला पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या आहेत. देशातल्या कितीतरी दलदली एका निकालाने केंद्राच्या कायद्याबाहेर गेल्या.

पुढे दोन राज्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. कोलोरॅडोने २०२४ मध्ये स्वतःचा परवाना कायदा केला आणि पोकळी भरली. नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने, निकालानंतर महिन्याभरात, राज्याची व्याख्या केंद्राच्या नव्या व्याख्येला बांधून टाकली. गव्हर्नरने नकाराधिकार वापरला, तो चार दिवसांत उलथवला. तिथे राज्याचं स्वतःचं जुनं संरक्षण होतं, तेही सोडून दिलं.

रॅले_कर
नॉर्थ कॅरोलिनातलाच आहे. त्या कायद्याचं नाव शेती विधेयक होतं. आत पाणथळ जागांची कलमं. आमच्या मागच्या ओढ्याकाठी आता नवी वसाहत येतेय. वादळात ते पाणी कुठे जाणार हे बिल्डरला विचारलं तर तो पावसाळी गटाराचा नकाशा दाखवतो.

रसायनी
राज्य पुढे जाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, गाड्यांचं प्रकरण. गाड्यांच्या धुराबाबत राज्यांना स्वतंत्र नियम करायला बंदी आहे, अपवाद फक्त कॅलिफोर्निया, कारण त्यांचे नियम केंद्राच्या आधीचे. १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असा धुरकट थर आला होता की लोकांना जपानी वायुहल्ला वाटला. पुढे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवलं की दोष गाड्यांच्या आणि रिफायनऱ्यांच्या वाफांचा. १९६७ मध्ये कार्ब हे हवा मंडळ स्थापन झालं, सही गव्हर्नर रेगन यांची. मामा, तुमच्या पक्षाचे.

केंद्राकडून सूट घेऊन कॅलिफोर्निया कडक नियम करतं आणि इतर राज्यं ते जसेच्या तसे उचलू शकतात. न्यू जर्सीनेही उचललेत. फोक्सवॅगनची डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतली लबाडी २०१५ मध्ये उघड झाली, ती या मंडळाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत चाचण्या करणारे लोक होते म्हणून. राज्याकडे नुसता आकडा असून भागत नाही, मोजणारी माणसं लागतात.

आता वाईट बातमी. मे २०२५ मध्ये काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) कॅलिफोर्नियाच्या तीन सूट-मंजुऱ्या ठराव करून रद्द केल्या आणि जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी सही केली. सिनेटच्या स्वतःच्या नियमतज्ज्ञांनी सांगितलं होतं की या प्रक्रियेने त्या रद्द होत नाहीत. अकरा राज्यांनी त्याच दिवशी दावा लावला, त्यात न्यू जर्सी आहे.

टेक्सासचा_मामा
माझा पक्ष कोणता हे मी कधी सांगितलं? आणि जाता जाता: वाऱ्यावरची वीज सगळ्यात जास्त टेक्सास करतं, कॅलिफोर्निया नव्हे. कोणी सक्ती केली म्हणून नाही, परवडतं म्हणून.

लंडन_पोस्ट
इकडची एक नोंद. ब्रेक्झिट करारात दोन्ही बाजूंनी कबूल केलंय की व्यापारावर परिणाम होईल अशा रीतीने पर्यावरणाचं संरक्षण आहे त्या पातळीखाली न्यायचं नाही. कागदावर उत्तम. पण "व्यापारावर परिणाम झाला" हे सिद्ध करायचं कोणी आणि कधी? तोवर नद्यांत मैलापाणी सोडणं चालूच.

पाइपलाइन
धागा लंडनला पोचला, परत न्यू जर्सीला आणतो. पाणी प्रकल्पांच्या सल्लागार कंपनीत काम करतो, त्यामुळे हे आकडे रोजचे.

गारवेल, तीन गोष्टी वेगळ्या करा. एक, राज्याचे १४, १३ आणि १३ हे आकडे राज्याच्या स्वतःच्या पेयजल कायद्याखाली केलेले आहेत, राज्याच्याच तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून. केंद्राने काहीही केलं तरी ते आपोआप पडत नाहीत. उद्या केंद्राचा पीएफएनएचा १० गेला तरी आपला १३ उभा आहे. २०१८ ची मेहनत इथे कामाला आली.

दोन, ४ हा आकडा केंद्राचा आहे. तो गेला तर आपण परत १४ आणि १३ वर. राज्याच्या नियमांत केंद्राचे नियम "संदर्भाने" (परत न लिहिता, नुसता हवाला देऊन) स्वीकारण्याची पद्धत सगळीकडे असते. तिथे एका वाक्यावर सगळं ठरतं: "अमुक तारखेचे नियम" की "वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे". दुसरा प्रकार असेल तर केंद्राची सुधारणा येते तशी केंद्राची माघारही येते, विधानसभेत एक शब्द न बोलता. एसबी १ सारख्या मोठ्या कायद्यावर भांडण्याआधी हे वाक्य शोधा.

तीन, केंद्राच्या पेयजल कायद्यातच १९९६ पासून एक कलम आहे की मर्यादा बदलली तर नव्या मर्यादेने लोकांचं संरक्षण पूर्वीइतकं किंवा जास्त झालं पाहिजे. म्हणजे मागे यायचा दरवाजा काँग्रेसनेच लावून घेतलाय. माझ्या मते म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये ईपीएने ४ सोडून बाकीच्या मर्यादांबाबत कोर्टालाच विनंती केली की तुम्हीच रद्द करा.

आणि हो, १९९५ पासून न्यू जर्सीतही केंद्रापेक्षा कडक नियम करताना खात्याला त्याची कारणं आणि खर्च लिहून द्यावा लागतो. त्यामुळे "राज्याने पटकन ४ लिहून टाकावं" इतकं ते पटकन होत नाही.

नीलांबरी
पाइपलाइन, साष्टांग नमस्कार. हे पहिल्या पानावर असतं तर.

खट्याळ_अण्णा
पहिल्या पानावर असतं तर आमचा पापलेट वाया गेला असता.

गारवेल
खूप आभार. म्हणजे मी विचारायला हवं होतं ते हे: ४ हा आकडा राज्याने स्वतःच्या नावावर लिहून घ्यावा का. माझं उत्तर हो. नवऱ्याचं उत्तर अजूनही "बिल किती वाढेल".

दरम्यान घरी काय करायचं? पाणी उकळून जातं का हे?

पाइपलाइन
उकळून जात नाही, पाणी आटून उलट किंचित दाट होतं. फिल्टर घेताना एनएसएफ ५३ किंवा ५८ प्रमाणपत्र बघा आणि त्यात पीएफओए-पीएफओएस कमी करण्याचा उल्लेख आहे का तेही बघा. ५८ म्हणजे आरओ, त्यात पाणी वाया जातं. कार्ट्रिज वेळेवर बदला.

टेक्सासचा_मामा
तुमच्या नवऱ्याशी माझं जमेल. बिलाचा प्रश्न सगळ्यांनी टाळलाय.

डेट्रॉइटची_जाई
टाळला नाही मामा, राहिला. २०२३ मध्ये ही रसायनं बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने देशभरच्या पाणी योजनांना किमान १०.३ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, ड्युपाँट आणि तिच्या भावंड कंपन्यांनी १.१८५ अब्ज. ज्यांनी रसायन विकलं त्यांच्या खिशातूनही काही येतंय.

पाइपलाइन
आणि न्यू जर्सीची वेगळी तडजोड आहे, २०२५ मध्ये थ्रीएमबरोबर ४५ कोटी डॉलरपर्यंत, ड्युपाँट वगैरेंबरोबर २ अब्जांपर्यंत, २५ वर्षांत विभागून. सगळ्या खर्चाला ते पुरणार नाही. पण गारवेल, गावाच्या पुढच्या बैठकीत हे विचारा: आपल्या योजनेने देशपातळीवरच्या तडजोडीत दावा दाखल केला होता का, आणि मिळालेला पैसा टँकांसाठी राखून ठेवलाय का?

टेक्सासचा_मामा
हे आमच्या तीनशे घरांच्या योजनेला लागू आहे का? ऑपरेटरला विचारून सांगतो. तो फक्त मंगळवारी असतो.